पैलवानाच्या पाठीवरचे पट्टे

"खास काढलेली, मोजकीच बनवलेली गाडी जपून ठेवली तर पुढं तिचा भाव टिकतो का हो काका?" असं हल्लीची पोरं मला विचारतात. जन्मभर स्टिअरिंग धरलं म्हणून मला त्यातलं कळत असेल असं त्यांना वाटतं. मी म्हणतो, "टिकतो की. पण ती कुणाच्या गोठ्यात उभी आहे, त्यावर आहे." पोरं हसतात. म्हातारा गंमत करतोय असं समजतात. मी मात्र खरोखरच गोठ्यातल्या गाडीबद्दल बोलत असतो.

मी मूळचा नांदेडकडचा, देगलूरच्या बाजूचा. सातवीत शाळा सोडली, ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो, पुढं लायसन काढलं. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मशिनींच्या पेट्या घेऊन पिरंगुटला आलो. तिथं माळावर नवेनवे कारखाने उभे राहत होते. पेट्या उतरल्या, आणि आमच्या ट्रकमालकानं तिथल्या तिथं ट्रकच विकून टाकला. "तू तुझं बघ आता," एवढं बोलून तो पुण्याच्या एस.टी.त बसला. मी कारखान्याच्या फाटकाबाहेर, हातात एक पिशवी. घर इतकं लांब, की तिकडं तोंड करून उभं राहायलासुद्धा दिशा विचारावी लागली असती.

फाटकाच्या आत एक पन्नाशी उलटलेले गृहस्थ उभे होते. धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं. ते म्हणजे अण्णा. पौडच्या रस्त्यावरून आत वळलं की त्यांचं गाव. भाताची खाचरं, चार म्हशी, दोन बैलजोड्या, आणि पंचक्रोशीत बैलांची पारख करणारा माणूस म्हणून नाव. त्यांचा एक खडकाळ माळ कारखान्यात गेला होता आणि त्या पैशातून त्यांनी तासाभरापूर्वी एक मोटार विकत घेतली होती. अडचण इतकीच, की ती घरी न्यायची कशी याचा त्यांनी काहीच विचार केला नव्हता.

"ड्रायवर हाय का कुनी हितं?" ते सगळ्यांना विचारत होते. मी म्हणालो, "म्या हाव."

"कुटला रं तू?"

"देगलूरचा."

"ते कुटं आलं?" ते म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता माझ्या हातात किल्ली दिली.

मशिनी बसवायला एक परदेशी साहेब आला होता, त्याची ती गाडी. परत जायचं म्हणून विकायला काढलेली. अण्णा आले होते दुसऱ्याच कामाला. साहेबानं गाडी चालू केली आणि त्यांचा पाय तिथंच थबकला. मला नंतर सांगत, "अरं, बैल मातीत शिंग घालून डुरकतो का न्हाई, तशी डुरकली. मी म्हनलं, ही सोडायची न्हाई." जाताना साहेब इंग्रजीत खूप काही बोलला. कारखान्याचा कारकून शेजारी उभा होता. त्यानं त्या सगळ्याचं सार सांगितलं, "भाव वाढत जाईल म्हणतोय. नीट सांभाळा म्हणतोय." अण्णांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

गाडी हळदीच्या रंगाची. नाक लांबलचक, मागचा भाग आखूड, दारं फक्त दोन. नाकापासून टपावरून थेट शेपटापर्यंत दोन काळे पट्टे. आत डॅशबोर्डावर एक छोटी धातूची पट्टी, तिच्यावर आकडा कोरलेला. आणि स्टिअरिंग डाव्या बाजूला! पिरंगुटहून गावापर्यंत मी ती पहिल्या दुसऱ्या गिअरवरच आणली. गिअर बदलायला जावं तर ती अशी उसळायची, की समोरची बैलगाडी आपल्या मांडीवर येते की काय असं वाटायचं. उजवीकडं अण्णा बसलेले. पुढची गाडी ओलांडायची झाली तर समोरचा रस्ता त्यांनाच दिसणार, मला नाही. ते खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून ओरडायचे, "थांब! थांब! आला रं आला! ... हां, आता मोकळं हाय, घाल!" पुढची सगळी वर्षं आम्ही दोघांनी मिळून अशीच गाडी चालवली. हात माझे, डोळे त्यांचे.

गावात पोचलो तेव्हा अण्णांच्या घरच्या बाईंनी, म्हणजे माईंनी, दारातून एक नजर गाडीवर टाकली आणि एक माझ्यावर.

"काय हाय हे?"

"मोटार हाय," अण्णा म्हणाले.

"ते दिसतंय. ठिवनार कुटं?"

अण्णा गोठ्याकडं बघायला लागले. त्या दिवसापासून गाडी गोठ्यात आणि चार म्हशी बाहेर पत्र्याच्या एकपाखी आडोशाला. मुळशीतला पाऊस म्हणजे पाहुणा नव्हे, बिऱ्हाडकरूच. एकदा आला की महिनोन् महिने हलत नाही. म्हशी भिजायच्या, दूध आटायचं, आणि माई रोज सकाळी धार काढता काढता गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायच्या, "ह्या बयेला दूध न्हाई, शेन न्हाई, वासरू न्हाई. नुसती मेली पीती."

पीत तर ती होतीच. पेट्रोल महाग झालेलं, आणि हिचं आठ सिलिंडरचं इंजिन. गावच्या शाळेतले मास्तर बौद्धवाड्यातलेच होते, गावात इंग्रजी वाचणारे तेवढेच. त्यांनी डॅशबोर्डावरची पट्टी वाचून सांगितलं, "अण्णा, अशा गाड्या मोजक्याच केल्यात. त्यातली आपली कितवी तो नंबर आहे हा. आणि त्यांच्याकडं हिला दंडावर बेटकुळ्या असलेली गाडी म्हणतात."

"म्हंजी पैलवान!" अण्णा खूश झाले. तेव्हापासून गावात ती 'पैलवान' झाली. पेट्रोलला खुराक म्हणायचे. "पैलवानाला खुराक घातला का?" असं कुणीही विचारायचं. खुराक परवडायचा नाही म्हणून पैलवान महिन्यातून एकदोनदा निघायचा. अण्णांचं तहसील कचेरीत काम असलं की पौडला, नाहीतर कुणाच्या लग्नात नवरानवरीला. लग्नाला अण्णा कुणालाच नाही म्हणत नसत. मास्तरांच्या बहिणीची पाठवणी झाली ती पैलवानातूनच. फक्त माईंना ती गाडी कधी आवडली नाही. दोनच दारं, मागं बसायचं तर पुढची सीट दुमडून आत शिरावं लागे. "ही काय मोटार हाय का भाताची कनगी? वरनं टाकायचं आन् वरनंच काडायचं!"

आणि मी? त्या पहिल्या दिवशी अण्णा म्हणाले होते, "आजचा दिस हितंच जेव." ते जेवण पुढं कधी संपलंच नाही. गोठ्याच्या मागं कुडाची एक खोली होती, कारवीच्या काठ्यांना शेण लिंपलेली. ती मला मिळाली. गाडी निघायची नाही तेव्हा मी शेतात. मी ज्वारीच्या मुलखातला. गुडघाभर चिखलात भाताची रोपं लावताना माझी धांदल बघायला बाया काम थांबवायच्या. "ए करायलाव, जायलाव," अशी माझ्या बोलीची नक्कल करायच्या, आणि दुपारी आपल्या भाकरीतली अर्धी भाकरी मलाच द्यायच्या. इतका मान मला माझ्या गावातही मिळाला नव्हता.

पण माझा स्वभाव पहिल्यापासून भित्रा. चांगलं चाललंय म्हणजे आता कधी बिघडेल, हाच घोर. ट्रक असा उभ्या उभ्या विकलेला बघितला होता ना! म्हणून माझी पिशवी खुंटीवर कायम भरलेली असायची. माईंनी एकदा विचारलं, "रोज सांजच्याला पिशवी भरून कुटं निगतुयास रं?" मी हसण्यावारी नेलं. मनात मात्र हिशोब साधा होता. मी इथं आहे तो गाडीमुळं. गाडी आहे तोवर खोली आहे. गाडी गेली तर अण्णांना ड्रायव्हर कशाला हवा? तशात मी गावाकडं निरोप धाडून बसलो होतो, की नोकरी पक्की आहे, राहायला खोली आहे, दिवाळी झाली की बायकोला तिच्या भावासोबत पाठवून द्या. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. ती माझ्या आईजवळ. आम्ही एकमेकांना बघितलंच जेमतेम होतं.

अशात, गाडी येऊन दीडेक वर्ष झालं तेव्हा, भाद्रपदात, भात पोटरीत आलेलं असताना, पुण्याहून एक साहेब आले.

गॉगल, पांढरे बूट, बोलायला गोड. त्यांना जुन्या, वेगळ्या गाड्या जमवायचा नाद. कुठल्याशा लग्नात त्यांनी पैलवानाला बघितलं होतं. अण्णांनी त्यांना गोठ्यात नेलं. मी पेंढ्याच्या काड्या झटकत मागं उभा राहिलो.

साहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "अण्णासाहेब," ते म्हणाले, "गाडी तशी जुनी झालीय. रंग विटलाय. हे पट्टे बघा, काळे राहिलेच नाहीत, राखाडी झालेत. इथं तर टवके उडालेत." मग आत वाकले. "ही पट्टी सैल झालीय. वाजत असेल, नाही?"

"वाजती," अण्णा म्हणाले.

"शिवाय गाडीला शेणाचा वास येतो."

"त्यो तर गोट्याला येतुया."

मला एक गंमत दिसत होती. तोंड नावं ठेवत होतं आणि हात गाडीला कुरवाळत होता. त्या विटक्या पट्ट्यावरून ते बोटं अशी फिरवत होते, जशी झोपलेल्या लेकराच्या डोक्यावरून आपण फिरवतो. मला वाटलं, पुण्याच्या लोकांची रीत असेल.

"पोळा झाला की दोन दिवसांनी येतो," जाताना ते म्हणाले. "तेव्हा भावाचं बघू. पण अण्णासाहेब, गाडीच्या मानानं बोला हं. तिची अवस्था तुम्ही बघताच आहात."

त्यांची जीप वळणाआड गेली आणि अण्णांनी मांडीवर थाप मारली. "घेनार! खोडी काडतुया म्हंजी घेनार. ज्याला घ्यायचं नसतं त्यो नुसतं झ्याक हाय, झ्याक हाय म्हनून निगून जातो."

"घेऊ दे बाई," माई म्हणाल्या. "माज्या म्हशी आत येतील."

मी मात्र खोलीत जाऊन उगीच पिशवी उघडली, परत बांधली.

आता अण्णांचं बैलाच्या बाजारातलं शास्त्र असं होतं. बैलाच्या अंगावरचा भोवरा वाईट जागी असला तर त्याला काही इलाज नाही, दात जुळले, म्हणजे बैलाचं वय झालं, तर ते काही परत फुटत नाहीत. पण शिंगं निस्तेज असली तर घासता येतात, कातडी सुकली असेल तर तेल चोळता येतं. गिऱ्हाइकानं ज्या खोडी काढल्या, त्यातल्या दुरुस्त होण्यासारख्या पुढच्या बाजाराआधी दुरुस्त करायच्या. मग त्याला बोलायला जागा राहत नाही. झकत भाव द्यावा लागतो.

"पट्टं विटल्यात म्हनला न्हवं?" अण्णा म्हणाले. "पोळ्याला बैलांसंगट ह्याला बी रंगवू."

आमच्या मराठवाड्यात पोळा श्रावणाच्या अमावास्येला. इकडं भाद्रपदाच्या. म्हणजे घरचा पोळा माझा हुकलेला, आणि हा दुसरा पोळा परक्या बैलांचा. तरी मला त्या दिवशी सकाळपासून घरच्यासारखं वाटत होतं. बैल ओढ्यात धुतले, शिंगं घासली, शिंगांना हिंगूळ लावला. तो शेंदरासारखा झगझगीत लाल रंग अण्णा बैलगाडीच्या रोगणात कालवायचे, म्हणजे पावसानं जात नाही. बैल झाल्यावर डबा आणि ब्रश माझ्या हातात आला.

"काळा न्हाई का लावायचा?" मी विचारलं.

"सनासुदीला काळा? याड लागलं का तुला?"

मग मी पट्टे ओढले. एकदम सरळ. दोऱ्याला खडू लावून आधी रेघ आखली, आणि श्वास रोखून ब्रश चालवला. नाकापासून टपावर, टपावरून शेपटापर्यंत. मनात म्हणत होतो, जितकं चांगलं ओढशील तितका भाव जास्त येईल, आणि भाव आला की तुझं बिऱ्हाड उठलं. पण वाकडंतिकडं ओढायला हात होईना. ज्यानं जेवायला बसवलं त्याच्या गाडीवर रेघ वाकडी कशी काढणार? दुपारपर्यंत हळदीच्या अंगावर हिंगुळाचे दोन पट्टे असे उठून दिसायला लागले, की रस्त्यानं जाणारी माणसं आत येऊन बघून जायची.

माईंनाही त्या दिवशी हुरूप आला होता. गाडी जाणार म्हटल्यावर त्यांना ती आवडायला लागली होती. त्यांनी बैलांच्या शिंगांना लावून उरलेली बेगड पैलवानाच्या दिव्यांभोवती चिकटवली. आणि ती वाजणारी पट्टी उलथन्यानं उचकटून काढली, तिथं कुंकवाचं बोट टेकवलं. संध्याकाळी बैलांबरोबर पैलवानालाही ओवाळलं, पुरणपोळी दाखवली. अण्णा म्हणाले, "खाऊ दे गं, प्याट्रोल सोडून दुसरं कायबी खाऊ दे ह्येला."

साहेब ठरल्या दिवशी आले. बरोबर एक मेकॅनिक. बोलणं समजावून सांगायला हवं म्हणून अण्णांनी मास्तरांनाही बोलावून ठेवलं होतं. गाडी आम्ही अंगणात काढून उभी केली होती, गळ्यात झेंडूची माळ.

साहेब जीपमधून उतरले, गॉगल काढला आणि तसेच उभे राहिले. मला वाटलं, दिपले.

"हे काय केलंत?" ते म्हणाले.

"तुमीच म्हनला पट्टं विटल्यात. आता बगा!"

साहेब जवळ आले, बोटानं रंग खरवडून बघितला. रोगण चांगलं बसलं होतं. मग दार उघडून आत बघितलं आणि एकदम ताठ उभे राहिले. "नंबरची पट्टी? पट्टी कुठंय?"

"वाजत हुती म्हनून काडली," माई दारातूनच म्हणाल्या. "कनगीच्या बुडाला बसिवली. उंदरानं भोक पाडलं हुतं तितं. अगदी मापात बसली."

साहेब ओट्यावर बसले. त्यांना पाणी दिलं, मग चहा दिला. बशीतला चहा निम्मा झाल्यावर ते बोलायला लागले, आणि या वेळी खरं बोलले. अशा गाडीचा भाव टिकतो, वाढतोही, पण ती कारखान्यातून जशी निघाली तशीच राहिली तर. विटला असला तरी तोच रंग हवा. उडाले असले तरी तेच पट्टे. आणि ती नंबरची पट्टी म्हणजे तर तिचा जीव. "मागच्या वेळी होती तशी मला हवी होती हो!"

"मग तवा तसं का न्हाई बोलला?" अण्णांनी विचारलं.

साहेबांनी उरलेला चहा पिऊन टाकला. मास्तर खाली मान घालून हसू दाबत होते. मग तेच म्हणाले, "अण्णा, ते भाव पाडायला म्हणून बोलत होते."

"ते कळलं की मला! म्हनून तर खोडी नीट करून ठिवल्या." अण्णांना यात आपलं कुठं चुकलं ते खरोखरच कळत नव्हतं. बाजारात असंच तर होतं. एक नावं ठेवतो, दुसरा दुरुस्त करतो.

मग साहेबांनी मेकॅनिकशी इंग्रजीत बोलणं केलं, गाडीखाली वाकून बघितलं, इंजिनाचा आवाज ऐकला. चेहरा जरा निवळला. "ठीक आहे. झालं ते झालं. तरी मी घेईन. बोला अण्णासाहेब, किती?"

अण्णांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. "भाव तोंडानं न्हाई करत आमी."

साहेबांना आधी कळेना. मास्तरांनी समजावलं. दोघांनी उपरण्याखाली हात घालायचे, एकमेकांची बोटं धरायची. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच. बघणाऱ्याला काही दिसत नाही, कळत नाही. बैलाचा सौदा असाच होतो. साहेबांनी गारुड्याच्या टोपलीत घालावा तसा हात हळूच उपरण्याखाली घातला.

मी चार हातांवर उभा. सगळं माझं नशीब त्या फडक्याखाली, आणि मला दिसत होतं नुसतं फडकं. दोन उंदीर भांडत असल्यासारखं ते हलत होतं. साहेब काही धरत, अण्णा मान हलवत. अण्णा काही धरत, साहेब "छे छे" करत. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "तुमच्या मिसेस कधी येतायत?" मी म्हणालो, "दिवाळी झाली की." आणि परत फडक्याकडं बघायला लागलो.

मग फडकं थांबलं. बराच वेळ थांबलं. अण्णांचा चेहरा बदलला. बैल विकतानाचा तो चेहरा मी ओळखायचो; सौदा जमत आला की ते डोळे मिटत. त्यांनी डोळे मिटले. मी खोलीकडं बघितलं. भिंतीआडची माझी खुंटी, खुंटीवरची पिशवी मला इथूनच दिसत होती.

साहेब म्हणाले, "मग ठरलं. उद्या माणसं पाठवतो. आधी हे लाल खरवडून काढावं लागेल, हे तर बैलाला—"

अण्णांनी डोळे उघडले. उपरण्याखालचा हात बाहेर काढला, उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. सौदा मोडला की असं करतात.

"काय झालं?" साहेब गडबडले.

"काय न्हाई. च्या घ्या आनखी."

साहेब पुष्कळ बोलले, समजावलं, मास्तरांनाही मध्ये घातलं. अण्णा ऐकत होते, मान डोलवत होते, आणि नाही ते नाहीच. शेवटी साहेब जीपमध्ये बसले. जाताना परत एकदा उतरले, पैलवानाच्या टपावर हात फिरवला, आणि गेले. मला त्यांचं वाईटच वाटलं. त्या गाडीवर त्यांचा जीव होता. फक्त तो त्यांनी पहिल्या दिवशी लपवायला नको होता.

"ग्येला?" माई बाहेर आल्या. "आन् माज्या म्हशी?"

"म्हशी आजपासनं आत," अण्णा म्हणाले. "पैलवान भाईर. आता त्येचा भाव ग्येलाय म्हनत्यात. मग भिजला तरी काय फरक पडतुया?"

माईंचा राग मध्येच अडखळला. इतके दिवस त्या यासाठीच भांडत होत्या. त्यांनी जाऊन म्हशींचे दोर सोडले.

दुपारी मी फणसाखाली चार मेढी रोवत होतो, पैलवानावर पेंढ्याचं छप्पर घालायला. अण्णा येऊन शेजारी टेकले. मला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. शेवटी म्हणालो, "अण्णा, किती म्हणला होता तेनं?"

"बोलायचं नसतं," ते म्हणाले. मग खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या हातावर टाकलं, खालून माझी बोटं धरली आणि दाबली. एकदा, मग थांबून आणखी एकदा.

तो आकडा मी आजही सांगत नाही. एवढंच सांगतो, की पट्टे गेले, पट्टी गेली, तरी तो लहान नव्हता. त्यात नवी विहीर झाली असती.

"मग का नाही दिलात?"

"खरवडून काडतो म्हनला," अण्णा म्हणाले. "तू काय सरळ वडलं हुतंस रं! मी बगत हुतो. माज्या बैलांच्या शिंगांना बी कुनी येवडं नीट लावलं न्हाई कंदी." मग उठले, धोतर झटकलं. "आन् मेढ जरा आत घे. पैलवानाचं नाक भाईर ऱ्हातंय."

मी मेढ आत घेतली. डोळ्यांत काही गेलं होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

दिवाळीनंतर आम्ही पैलवानाला खुराक घालून पौडच्या एस.टी. स्टँडवर गेलो. अण्णा हट्टानं आले, "मी नसलो तर तुला समोरचं दिसनार कसं?" पुण्याहून येणारी एस.टी. लागली. माझा मेव्हणा उतरला, डोक्यावर ट्रंक. त्याच्यामागं ती, हातात गाडगं, त्यात आईनं दिलेलं लोणचं. मला बघून तिनं पदर सारखा केला, आणि मग तिची नजर माझ्यामागं गेली. हळदीची गाडी, हिंगुळाचे पट्टे, दिव्यांभोवती अजून थोडी बेगड शिल्लक.

ती हळू आवाजात मला म्हणाली, "हे काय वो? पोळ्याचा बैल रंगिवल्यागत करून सोडलेत की."

हळू म्हणाली, पण अण्णांनी ऐकलंच. स्टँडवरची सगळी माणसं वळून बघतील असे ते हसले. "पोरी, तुला कळलं बग! बगता बगता कळलं! त्या पुन्याच्या सायबाला च्या पिऊन बी न्हाई कळलं."

मेव्हण्याला ट्रंकेसकट मागं कोंबलं. ती सीट दुमडून आत शिरताना क्षणभर अडकली आणि स्वतःशीच हसली, तेव्हा मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं. गाडी चालू केली. पैलवान डुरकला. स्टँडबाहेर एक उसाचा ट्रॅक्टर रस्ता अडवून चालला होता. मला काहीच दिसत नव्हतं. अण्णांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"थांब! थांब! ... हां, मोकळं हाय. घाल!"

मी घातली.